रास्त की स्वस्त? : भाववाढ आणि दुकानाच्या दारातील रांग

१/
आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात लोणी हे गाव आहे. भीमाशंकरच्या डोंगरात कोसळणारा पाऊस इथवर येईतो बराच आटलेला असतो. अशा गावातील शेतकऱ्याच्या घराला बाजाराकडे उघडणारी दोन दारे असतात. एका दाराने कांदा बाहेर जातो, दुसऱ्या दाराने तेल, डाळ, साखर आत येते. भाव वाढले की एका दारी दिवाळी आणि दुसऱ्या दारी शिमगा. महाराष्ट्रातील स्वस्त दुकानांचा इतिहास या दोन्ही दारांतून पाहावा लागतो.

२/
आरंभ मुंबईत होतो. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मुंबई इलाखा या तांदळावर बराच विसंबून होता. युद्धाच्या खर्चासाठी छापलेला पैसा बाजारात आणि धान्य मात्र कोठारात, अशी स्थिती झाली. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबईच्या त्या शिधापत्रिकेचे मोल कळते.

३/
या मुंबईत जुन्नर, आंबेगाव, खेडची माणसे मोठ्या संख्येने होती. डबेवाल्यांचा व्यवसाय तर मुख्यतः याच मावळपट्टीतल्या माणसांनी उभा केला. गावी कुटुंब, मुंबईत एका खोलीत दहाबारा जण आणि जेवण खानावळीत. धान्य महागले की खानावळीचा दर वाढे आणि गावी जाणारी मनिऑर्डर आखूड होई. मुंबईच्या भावाची झळ सह्याद्रीच्या या बाजूला पोहोचायची ती अशी.

४/
येथे एक प्रसंग विशेष आहे. पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच येतो. स्वातंत्र्यानंतर गांधीजींनी नियंत्रणांना ठाम विरोध केला. नियंत्रणामुळे काळाबाजार आणि अप्रामाणिकपणा वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९४७ पासून धान्यावरील नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठवली गेली. भाव झपाट्याने चढले आणि १९४८ च्या उत्तरार्धात सरकारला नियंत्रणे पुन्हा आणावी लागली.

५/
या मोकळ्या बाजाराच्या मधल्या काही महिन्यांतच, १९४८ मध्ये, नायगावात गिरणी कामगार आणि समाजवादी कार्यकर्ते यांनी ग्राहकांची सहकारी संस्था काढली. तिचे नाव ‘मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ’. नाव लांबलचक, पण दुकान साधे. पुढे हीच संस्था ‘अपना बाजार’ म्हणून मुंबईच्या घराघरांत पोहोचली.

६/
कल्पना अशी : ग्राहकच भागधारक. दुकान ठोक भावाने माल घेईल, खर्चापुरते वर ठेवील आणि नफा उरलाच तर तो सभासदांचा. सहकारी दुकान बाजारभावापेक्षा फार खाली विकत नसे. तसे केले तर पहाटेच माल संपतो आणि तोच माल संध्याकाळी कोपऱ्यावर दामदुपटीने विकला जातो. त्याचे खरे बळ मापात, प्रतीत आणि भेसळ नसण्यात होते. म्हणून जुन्या पाट्यांवर ‘रास्त भाव’ असे शब्द दिसतात. रास्त म्हणजे योग्य. ‘स्वस्त’ हा शब्द वेगळा, आणि या साऱ्या इतिहासातील ओढाताण या दोन शब्दांमधली आहे.

७/
पुढची मोठी उसळी १९६६ ची. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. लागोपाठच्या दुष्काळांनी धान्य आधीच दुर्मीळ झाले होते. पुढच्याच महिन्यात दिल्लीत कॅनॉट प्लेसला ‘सुपर बाजार’ उघडला गेला. चलन पडले आणि महिन्याभरात सरकारी आशीर्वादाचे दुकान उभे राहिले! ही तारखांची जवळीक योगायोगाची नव्हे. भाववाढीचे उत्तर म्हणून दुकान उघडणे हा तेव्हाच्या राज्यकर्त्यांचा रुळलेला मार्ग होता. मुंबईतही त्याच दशकाच्या अखेरीस ‘सहकारी भांडार’ निघाले.

८/
मग १९७२. महाराष्ट्राच्या ग्रामीण स्मृतीत या सालाला पुढेमागे काही जोडावे लागत नाही. ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की पुरे. खडी फोडण्याची कामे, सुकडी, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. पुणे जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातील वडीलधारी माणसे मिलोच्या भाकरीची चव आजही तोंड वाकडे करून सांगतात. दुकानात धान्य मिळत होते, हे खरे. पण ते आपले धान्य नव्हते.

९/
शहरांत त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट. एरवी एका व्यासपीठावर न येणाऱ्या पक्षांतील बायका तेल, साखर, रॉकेल यांसाठी एकत्र आल्या. हातात लाटणे, थाळी आणि चमचा. मोर्चाला लागणारे सामान स्वयंपाकघरातूनच आले, यामागे हिशेब होता : रेशनच्या रांगेत उभे राहणारी व्यक्ती प्रायः बाईच असे.

१०/
रांगेचा हा मुद्दा नीट समजून घेण्याजोगा आहे. बाजारात साखर महाग आणि रेशनवर स्वस्त असेल, तर त्या दोन भावांतील फरक नाहीसा होत नाही; तो वेळेच्या रूपाने वसूल होतो. भाव जितका चढेल तितकी रांग लांबते. गिरणीतील कायम कामगाराचा महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधलेला होता. तो भावांच्या मागे धापा टाकत का होईना, धावत असे. रांगेत उभ्या राहणाऱ्या त्याच्या बायकोच्या तासांना मात्र कसलाच निर्देशांक नव्हता. शेतमजुराला तर भत्ताही नव्हता.

११/
१९७३ च्या अखेरीस जगात खनिज तेलाचे भाव चौपट झाले. १९७४ मध्ये भारतातील घाऊक भाववाढ वार्षिक ३० टक्क्यांच्याही वर गेली. त्या काळातून निघालेला एक प्रयोग फार मराठी आहे : ग्राहक पंचायत. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी तिचा पाया घातला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि संगीतकार सुधीर फडके तिच्या उभारणीत होते. तिने दुकानच काढले नाही. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल थेट संघापर्यंत यायचा आणि वाटप सभासदांनीच करायचे. गाळ्याचे भाडे नाही, काउंटर नाही, उधारीही नाही.

१२/
उधारी नाही, हे बलस्थान तसेच मर्यादाही. ज्याला महिन्याचे पैसे आगाऊ ठेवता येतात त्यालाच ही व्यवस्था मानवते. नियमित पगाराच्या मध्यमवर्गाला ती लाभली. रोजंदारीवरच्या माणसाचा आधार कोपऱ्यावरचा किराणा दुकानदारच राहिला; तो चार पैसे जास्त घेई, पण वहीवर लिहून देई.

१३/
१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, आणि त्यांपैकी असंख्य जण पुन्हा कामावर गेलेच नाहीत. गिरणगावातील पगाराचा दिवस संपला. ज्या ग्राहकाच्या बळावर सहकारी दुकान उभे होते, त्याची खरेदीची ताकदच गेली.

१४/
यानंतरचा दुवा विलक्षण आहे. १९९९ मध्ये शेअर बाजारातील गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी नेरूळ येथे अपना बाजारची फ्रँचायझी चालवली. ती पद्धत त्यांना पटली नाही. २००२ मध्ये पवईला त्यांनी ‘डीमार्ट’चे पहिले दुकान काढले. जागा शक्यतो स्वतःची, पुरवठादाराला पैसे लवकर आणि त्याबदल्यात भावात सूट, मोजका पण वेगाने खपणारा माल. कामगारांच्या सहकारी दुकानातून शिकून निघालेला माणूस देशातील मोठ्या किराणा साखळीचा धनी झाला. ‘रास्त’ मागे पडले, ‘स्वस्त’ उरले.

१५/
१९९० पासून वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. मुळात हे ग्राहकाचे संरक्षण. पण त्याच छापील आकड्यामुळे ‘एमआरपीपेक्षा इतके कमी’ असे सांगणारे दुकान शक्य झाले. महागाईत या दुकानांचा लाभ कोणाला? पाच किलोची पिशवी एकदम उचलू शकणाऱ्याला. पाच-दहा रुपयांची पुडी घेणाऱ्याला सूट नाही, आणि त्याच्या पुडीचा भाव तोच राहून आतले वजन मात्र गुपचूप घटते. ही चलाखी साऱ्या जगात चालते.

१६/
आता पुन्हा जुन्नर-आंबेगाव. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोंच्या क्रेटला २,००० रुपयांहून अधिक भाव मिळाला. वर्षानुवर्षे तोटा सोसलेल्या काही घरांत एका हंगामात कर्ज फिटले. त्याच महिन्यात केंद्र सरकारच्या सांगण्यावरून सहकारी संस्थांनी उत्पादक राज्यांतून टोमॅटो खरेदी करून दिल्लीत आधी ९०, मग ८०, मग ७० रुपये किलोने विकला. सप्टेंबरपर्यंत भाव इतके कोसळले की राज्यात ठिकठिकाणी टोमॅटो रस्त्यावर ओतला गेला. पडलेला भाव सावरण्यासाठी मात्र कोणी गाड्या उभ्या केल्या नाहीत.

१७/
कांद्याचे तसेच. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. शेतकऱ्यांचा क्षोभ उसळताच सरकारने २,४१० रुपये क्विंटल दराने २ लाख टन खरेदी जाहीर केली, म्हणजे किलोला २४ रुपये १० पैसे. त्याच आठवड्यात शहरांतील ग्राहकांना सरकारी साठ्यातील कांदा २५ रुपये किलोने विकणे सुरू झाले. वाहतूक, साठवण आणि सड हे सारे मधल्या ९० पैशांत बसणे शक्य नव्हते. फरक तिजोरीतून गेला. शहरातल्या ग्राहकासाठी तो स्वस्त कांदा होता. चाळीत कांदा राखून बसलेल्या शेतकऱ्यासाठी तो आपल्या मालाशी सरकारने मांडलेली स्पर्धा होती.

१८/
८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात पूर्णच थांबली. ती मे २०२४ मध्ये खुली झाली. मधल्या काळात ‘भारत’ नाममुद्रेचा आटा २७ रुपये ५० पैशांना आणि तांदूळ २९ रुपयांना शहरांत विकला जात होता. अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभार्थ्यांना रेशनचे धान्य तर जानेवारी २०२३ पासून मोफतच आहे. तेल, डाळ, साबण, मुलांच्या वह्या हे सारे बाजारभावानेच घ्यायचे, आणि त्यासाठी लागणारा पैसा कांद्यातूनच यायचा. ज्या घराच्या शिधापत्रिकेवर गहू फुकट येत होता, त्याच घरचा कांदा त्या हिवाळ्यात भावाची वाट पाहत होता.