मुक्कामी गाडीचे सर

स्वारगेटहून सुटलेली वेल्हे मुक्काम गाडी कात्रजचा जुना बोगदा ओलांडते आणि तुमच्या खिशातला फोन नाहीसा होतो. चाचपून बघता तर हाताला लागते पितळी शिट्टी, काळ्या गोफात ओवलेली. मांडीवर रेक्झिनची पिशवी आहे. तिच्यात डझनभर बनियन, एक ब्रश आणि लाल ऑइलपेंटचा छोटा डबा. छपरातून थेंब पडतो तो नेमका मानेवर.

"सर, तिथं गळतंय. मागं या," कंडक्टर तिकिटांचा ट्रे काखेत धरून म्हणतो.

तुम्ही मागे वळून बघता, सर कोण म्हणून. मागे कुणी नाही. सर म्हणजे तुम्हीच.

ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर कपिल देवचा फोटो चिकटवलाय, हातात कप. म्हणजे साल 1983, आणि श्रावण लागलाय. गाडी चेलाडी फाट्याला उजवीकडे वळते. नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर. प्रत्येक थांब्यावर कुणी ना कुणी घोंगडी झटकत चढतं, तुमच्याकडे बघून मान हलवतं आणि जागा असली तरी उभं राहतं. वेल्ह्याला उतरता तेव्हा तोरणा दिसत नाही. पावसाळ्यात तो दिसतच नाही. तो तिथे आहे हे धरून चालायचं.

तुमची खोली म्हणजे एका पडवीला घातलेला कूड. पंपाचा स्टोव्ह, दोरीवर न वाळणारी पँट, भिंतीला ओल. तुम्ही कांदिवलीच्या सरकारी शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकून आलात. ते 1938 पासूनचं. तिथं हिरवळीचं मैदान होतं, मोजलेला ट्रॅक होता, शरीरशास्त्राच्या वह्या होत्या. इथे हायस्कुलात तुम्हाला पी.टी.चे तास आहेत, शिवाय भूगोल. चित्रकलेचे सर बदलून गेल्यापासून चित्रकला. शिपाई रजेवर असेल त्या दिवशी घंटाही तुमचीच. पी.टी.च्या माणसाला काम नसतं, असं बाकीच्या स्टाफचं ठाम मत असतं. ते तेव्हाही होतं, आजही आहे.

दुपारी मैदानावर या. मैदान म्हणजे शाळेमागचा उतार. त्याच्या खालच्या अंगाला पाणी साचतं, वरच्या अंगाला दगड वर येतात. तिथे तुमची पोरं कारवीच्या काठ्या रोवून क्रिकेट खेळतायत. चेंडू चिंध्यांचा, बॅट म्हणजे फणसाची फळी. 25 जूनला लॉर्ड्सवर जे झालं ते ह्यांनी पाहिलेलं नाही, रेडिओवर ऐकलंय, पण तेवढं पुरलंय. तुम्हाला सात गडी उभे करायचेत आणि ह्यांना सगळ्यांना कपिल देव व्हायचंय. तुम्ही शिट्टी फुंकता. दोघे बघतात. पुन्हा फुंकता. मग तुम्ही रागावत नाही, फळी मागून घेता आणि खालच्या चिखलात चेंडू असा मारता की तो सापडत नाही. झालं, आता कबड्डी.

मैदान आखायचं कसं? फक्की मारली तर दहा मिनिटांत पांढरा ओघळ वाहून जातो. म्हणून तुम्ही सुतळी ताणता, हातभर अंतरावर वाकवलेले खिळे ठोकता, सुतळी चिखलाला टेकेपर्यंत. मध्यरेषा, निदानरेषा, बाजूच्या रेषा. मग भातगिरणीतून आणलेल्या तुसाची पोती उलटी करता. तूस ओल्यावर बसतं आणि पाय धरतं. गुडघ्यांना चिकटतं, रात्री खाजतं. पण त्याच्यावर पडलं तर कातडी जात नाही, आणि हे कांदिवलीच्या कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं.

भट्टी गावचा पोरगा चढाईला जातो. रोज डोंगरवाट तुडवत शाळेत येणारा, डोक्यावर इरलं, पायांत काही नाही. तुम्ही एचएमटीच्या घड्याळाकडे बघत राहता. त्याचा दम संपत नाही. 'कबड्डी कबड्डी' स्वच्छ ऐकू येतंय, ना घोगरं, ना तुटक. असा दम शहरातल्या पोराला आणायचा तर वर्ष जाईल. ह्याला तो कुणी शिकवलेला नाही. दप्तर घेऊन चढण चढताना बोलत राहायची सवय आहे, एवढंच. अडचण वेगळीच आहे. ह्याला परत यायचं भान नाही. दम आहे म्हणून आत जातो, अजून आत जातो, आणि कोपऱ्यातला त्याचा घोटा धरतो.

"परत ये रे!" तुम्ही ओरडता. दिवसातून पन्नास वेळा तुम्ही हेच ओरडता.

कुंपणाशी छत्री घेऊन एक माणूस उभा असतो. चार दिवस झाले, रोज येतो, बोलत नाही. लेंग्यावर मुंबईचा शर्ट. वेल्ह्यात अशी माणसं सध्या बरीच दिसतात. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि जे खोलीभाडं भरू शकत नव्हते ते गावी आले. आता दीड वर्ष उलटलंय. सुरुवातीला ते 'पुढच्या महिन्यात मिटतंय' म्हणायचे. आता तारीख कुणी सांगत नाही. हा माणूस लावणीला बायकोबरोबर चिखलात उतरला होता आणि बायका त्याच्या रोपं धरण्याला हसल्या होत्या, हे तुमच्या कानावर आलंय.

पाचव्या दिवशी तो छत्री मिटतो.

"सर, राग मानू नका. पोरगं हातानं ओढतंय."

"मग?"

"पकड हातानं नसती. हात नुसती कडी लावायला. बूड खाली ठेवायचं, घोटा छातीशी आणायचा आणि खांदा घालायचा. अन् अंगठा आत ठेव रे बाबा, मोडंल."

तो लेंगा वर खोचतो, तुसात बसतो आणि दाखवतो. सावकाश, तीनदा. चौथ्यांदा सावकाश नाही. भट्टीचा पोरगा कुठे पडला ते त्यालाही कळत नाही. लालबाग-परळात गल्ल्यागल्ल्यांत मंडळं होती, दिव्यांच्या माळा लावून सामने व्हायचे, गिरण्यांचे संघ असायचे. हा डाव्या कोपऱ्यात खेळायचा. एवढंच सांगतो. कुठल्या गिरणीत, ते विचारू नका.

त्या संध्याकाळी तुम्ही कांदिवलीची वही काढता, 'घोटापकड' ह्या मथळ्याखाली लिहिलेल्या चार ओळी खोडता आणि त्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवता. माझ्या मते तुमच्या नोकरीतला शहाणपणाचा दिवस तो. शाळेच्या मस्टरवर त्या माणसाची नोंद कुठेच नाही.

भोरला सामना ठरतो आणि तुमच्या संघाचा डावा कोपरा सांभाळणारा पोरगा शाळेत यायचा बंद होतो. शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही त्याच्या वाडीवर निघता. ओढ्याला कमरेएवढं पाणी, जळवा, पायवाटेवर शेवाळ. घरात चुलीचा धूर कोंडलाय. त्याची आई तुम्हाला काळा चहा देते आणि समोर बसून कुर्डूची भाजी निवडत राहते.

"आवो सर, खेळून भाकरी मिळती व्हय?"

ह्याला उत्तर नसतं. खेळाने चारित्र्य घडतं वगैरे तुम्हाला व्याख्यानात सांगता येईल, इथे नाही.

"मिळत नाही," तुम्ही म्हणता. "पण एस.टी.चं तिकीट मी काढतो. जेवण माझ्याकडे. सांजच्याला घरी आणून सोडतो."

"अन् गुरं?"

इथे खरा सौदा आहे. शेजारच्या घरचा सातवीतला पोरगा एक दिवस गुरं वळेल, बदल्यात तुम्ही त्याला पुढच्या वर्षी संघात घ्याल. ठरलं. तुमच्या ट्रेनिंगमध्ये डावपेच शिकवले, पण संघ असा जमवतात हे कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस, गुरं, लावणी, मुंबईला हॉटेलात कामाला लावायची वाट बघणारा मामा, ह्या सगळ्यांशी आधी खेळायचं, मग भोरशी.

रात्री कंदिलाच्या उजेडात तुम्ही बनियनवर नंबर घालता. कापडी नंबर शिवायला पैसे नाहीत.

सकाळी गाडी नसरापूर, कापूरहोळ करत भोरकडे वळते. भाटघरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत आणि सगळी पोरं एका बाजूच्या खिडक्यांना चिकटलीत. 1928 साली पुरं झालेलं धरण, वेळवंडी नदीवरचं. पाणी कुठे जातं, एक जण विचारतो. तुम्ही भूगोलाचेही सर आहात; नीरेच्या कालव्यांनी खाली बारामतीकडे, उसाला, असं सांगता. "आन् आपल्याला?" पोरगा विचारतो. तुम्ही पोरं मोजायला लागता.

भोर म्हणजे ह्यांच्यासाठी शहर. राजवाडा, बाजारपेठ, पक्की गटारं. पंतसचिवांची राजधानी होती ही. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं, आणि शाळाखात्यातले जुने लोक अजून 'सरकारात असताना' म्हणतात तेव्हा त्यांना दिल्ली किंवा मुंबई अभिप्रेत नसते. सामन्याआधी वजन करायचं ते भातगिरणीच्या काट्यावर. भोरचे दोघे पोरगे स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारतायत, पाव किलो उतरवायला. तुमची पोरं हे तोंडात बोट घालून बघतात. वजन कमी करायला पळायचं? काट्यावर तुमचा सगळ्यात जाड गडीसुद्धा मर्यादेच्या इतका खाली भरतो की काटेवाला तुमच्याकडे बघतो, तुम्ही दुसरीकडे.

सामना काय सांगू. पहिल्या डावात तुमच्यावर लोण बसतो. ऑइलपेंट वाळून नंबर पापडासारखे कडक झालेत; वर पाऊस पडला की गुळगुळीत. भोरचा पकडणारा पाठीवर मिठी मारतो आणि त्याचे हात घसरतात. दोन गुण तुम्हाला त्या डब्याने मिळवून दिलेत. शेवटच्या मिनिटांत भट्टीचा पोरगा चढाईला जातो, एकाला हात लावतो, आणि वळतो. आपणहून वळतो, मध्यरेषा ओलांडतो, आणि गुणलेखकाकडे न बघता तुमच्याकडे बघतो. तुम्ही 3 गुणांनी हरता.

नंतर भजी-पाव, सगळ्यांना. भोरचे सर खांद्यावर हात ठेवून सांगतात, "सर, पुढल्या वेळी नंबर शिवून आणा." चांगला माणूस. दोन वर्षांनी ते तुम्हाला स्वतःच्या शाळेचे जुने बनियन देणार आहेत, नंबरासकट.

परतीची गाडी सुटते आणि खिडकीबाहेर वर्षं पळायला लागतात. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये जी कबड्डी नुसती दाखवली होती, ती 1990 ला बीजिंगमध्ये पदकाला जाते. बुवा साळवींसारख्या संघटकांनी त्यासाठी जन्म घातला. तिथपासून 2014 पर्यंत भारतीय पुरुषांची सलग 7 सुवर्णपदकं. त्याच 2014 मध्ये प्रो कबड्डी, मॅट, बूट, दिव्यांचा लखलखाट. तुम्ही निवृत्त झालात. भट्टीचा पोरगा एस.टी.त लागला. डावा कोपरा मामाबरोबर मुंबईला गेला, गिरणी नव्हतीच, वॉचमन झाला. 2018 ला जकार्तात इराणने भारताला उपांत्य फेरीत हरवलं, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर ओरडलात, "परत ये रे!"

त्याच 2018 मधली दुसरी बातमी मला जास्त लागली. ह्याच डोंगरपट्ट्यातल्या चांदर गावच्या सरकारी शाळेत एकच विद्यार्थी उरला होता, आणि त्या एकासाठी एक शिक्षक रोज घाटाची कच्ची वाट तुडवत जात होता. देशभर कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण कबड्डीला सात लागतात. वाड्यावाड्यांतून सात पोरं गोळा करायची तुमची हातोटी होती. सातच नसतील तर कुठल्या आईशी सौदा करणार? पोरं पुण्यात आहेत, धायरीला, कात्रजला, भाड्याच्या खोल्यांत. ती तिथे कबड्डी खेळतात की नाही, माहीत नाही. मैदान तरी दिसत नाही.

बोगदा येतो. खिशात फोन थरथरतो. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. भोर संस्थानात राजगड नावाचा तालुका होताच, म्हणजे नाव फिरून घरी आलं. शिट्टी मात्र खिशात नाही.

रविवारी तुम्ही तोरणा चढायला जालच, पुण्याहून सगळेच जातात. पायथ्याच्या गावात शाळेचं मैदान मोकळं दिसेल. तिथे गाडी लावू नका. चाकांनी चर पडतात, आणि सोमवारी कुणाला तरी तिथे सुतळी ताणायची असते.