स्पीडवे शर्यत : एंजिने आणि नियम

स्पीडवे हा मोटारसायकलींच्या शर्यतींचा एक प्रकार. लंबवर्तुळाकार, सपाट आणि मोकळ्या मातीच्या धावमार्गावर चार स्वार डावीकडे वळत चार फेऱ्या पूर्ण करतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या धावमार्गाची लांबी सामान्यतः 260 ते 425 मी. असते. एक शर्यत सु. एका मिनिटात संपते. पहिल्या तीन स्वारांना अनुक्रमे 3, 2 व 1 गुण मिळतात, चौथ्यास गुण नसतो. मोटारसायकलीस एकच गियर असतो आणि तिला ब्रेक नसतात. ब्रेक नसणे ही उणीव नसून तो नियमच आहे. चार स्वार एकमेकांपासून हातभर अंतरावर धावत असताना एकाने अचानक वेग कमी केला, तर मागचा त्याच्यावर आदळणे अटळ असते. वळणावर स्वार वेग कमी करत नाही. तो मागील चाक घसरवत नेतो, पुढील चाक उजवीकडे वळवून तोल सावरतो आणि पोलादी तळ लावलेला डावा पाय जमिनीवर टेकवतो. वळण घेणे हेदेखील एंजिनाच्या शक्तीवर अवलंबून असल्यामुळे या खेळात एंजिन हे केवळ वेगाचे नव्हे, तर सुकाणूचेही साधन ठरते. म्हणूनच स्पीडवेचा इतिहास हा एंजिन सुधारणारा कारागीर आणि त्याला मर्यादा घालणारा नियमकर्ता यांच्यातील शंभर वर्षांच्या संवादाचा इतिहास आहे.

उगम व प्रसार : न्यू साउथ वेल्स (ऑस्ट्रेलिया) मधील वेस्ट मेटलंड येथील कृषिप्रदर्शनात 15 डिसेंबर 1923 रोजी जॉनी हॉस्किन्झ यांनी विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात घडवून आणलेल्या शर्यतींपासून या खेळाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. ऑस्ट्रेलियात व अमेरिकेत मातीच्या मार्गावरील मोटारसायकल शर्यती तत्पूर्वीही होत असत, परंतु नियमित प्रेक्षणीय खेळाचे रूप त्यांना या सुमारास आले. इंग्लंडमध्ये लंडनजवळील एपिंगच्या वनातील हाय बीच येथे 19 फेब्रुवारी 1928 रोजी झालेल्या शर्यतींस अपेक्षेच्या कितीतरी पट लोक जमले. 1929 मध्ये तेथे उत्तर व दक्षिण अशा दोन साखळी स्पर्धा सुरू झाल्या. पुढे स्वीडन, डेन्मार्क, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएट रशिया आदी देशांत हा खेळ रुजला. पोलंडमध्ये तो आजही अत्यंत लोकप्रिय आहे.

पहिली एंजिने : आरंभीच्या दोन वर्षांत ब्रिस्टल येथील डग्लस कारखान्याच्या मोटारसायकलींचे वर्चस्व होते. त्यांच्या एंजिनाची दोन सिलिंडरे एकमेकांसमोर आडवी असत, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राही आणि लांब घसरत वळणे स्वारास सुकर होई. त्यांच्यामागून कॉव्हेंट्री येथील रज या कारखान्याचे एक सिलिंडराचे व चार झडपांचे एंजिन आले. ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण चार झडपांची हीच कल्पना पुढे 45 वर्षांनी या खेळात नवी म्हणून गाजली. 1930 मध्ये लंडनच्या टॉटनम भागातील जे. ए. प्रेस्टविच कंपनीने खास या खेळासाठी एंजिन तयार केले. स्टॅन्ली ग्रीनिंग यांनी रचलेले हे एंजिन तिच्या आद्याक्षरांवरून ‘जॅप’ या नावाने ओळखले गेले. सिलिंडराचा व्यास 80 मिमी., दट्ट्याची धाव 99 मिमी. आणि झडपा दोनच, अशी त्याची रचना होती. ते हलके, साधे व मैदानाच्या कडेला बसून दुरुस्त करता येण्यासारखे होते. जवळजवळ तीन दशके जगातील बहुतेक सर्व स्वार याच एंजिनावर धावले. सर्वांचे एंजिन एकच असल्याने जय-पराजय मुख्यतः स्वाराच्या कौशल्यावर ठरे आणि नियमकर्त्यांस यंत्राकडे फारसे लक्ष द्यावे लागत नसे.

इंधन : या एंजिनांत पेट्रोलऐवजी मिथेनॉल वापरतात. मिथेनॉलाचे उष्णतामूल्य पेट्रोलच्या निम्म्याहून कमी असल्याने ते दुपटीहून अधिक जाळावे लागते. परंतु त्याचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या तिपटीहून अधिक उष्णता शोषून घेते आणि त्यामुळे हवेने थंड होणारे एंजिन आतूनही थंड राहते. ते अकाली पेटत नसल्यामुळे संपीडन गुणोत्तर 14 : 1 किंवा त्याहूनही अधिक ठेवता येते. त्याची ज्योत मात्र उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे इंधन सांडून आग लागल्यास ती ध्यानात येण्यास विलंब होतो. वंगणासाठी दीर्घकाळ एरंडेलावर आधारित तेल वापरले जाई. त्याचा उग्र गोडसर वास हीच अनेक प्रेक्षकांच्या मनात या खेळाची खूण होऊन राहिली. मिथेनॉलात नायट्रोमिथेनासारखे प्राणवायुयुक्त द्रव्य मिसळल्यास शक्ती एकदम वाढते. म्हणून अशा मिश्रणास मनाई आहे आणि इंधनाचे नमुने तपासण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस दिलेला आहे.

आरंभ व पंच : पूर्वी स्वार चालत्या गाडीवरून रांगेत येऊन आरंभरेषा ओलांडीत. कोण आधी निसटला यावर रोज वाद होत आणि शर्यत पुनःपुन्हा सुरू करावी लागे. 1930 नंतरच्या काही वर्षांत मार्गावर आडव्या ताणलेल्या व एकदम वर उडणाऱ्या फितींचे आरंभद्वार प्रचारात आले. एका साध्या यांत्रिक युक्तीने पंचाच्या मताऐवजी वस्तुस्थिती पुढे आणली, कारण फीत तुटली की दोष कोणाचा हे सर्वांस दिसते. फितीस स्पर्श करणारा स्वार त्या शर्यतीतून बाद होतो अथवा, स्पर्धेच्या नियमांनुसार, त्यास मागील अंतरावरून सुरुवात करावी लागते. आरंभरेषेवर हजर होण्यासाठी दोन मिनिटांची मुदत असते. दोन्ही चाके आतील रेषेच्या आत गेल्यास स्वार बाद ठरतो.

सामन्याचा पंच एकच असतो. तो उंचावरील कक्षात बसतो आणि लाल दिव्यांनी शर्यत थांबवतो. बाद स्वाराच्या शिरस्त्राणाच्या रंगाचा दिवा लावून तो आपला निर्णय जाहीर करतो. कोणी पडल्यामुळे शर्यत थांबली, तर थांबण्यास मूळ कारण झालेल्या स्वारास वगळून ती पुन्हा घेतात. पहिल्या वळणावर चौघे एकत्र शिरतात. तेथे दोष एकावर निश्चित करता येत नसेल, तर चौघांसही पुन्हा संधी देता येते. वस्तुस्थितीविषयीच्या पंचाच्या निर्णयावर अपील नसते. पडलेला स्वार स्वतःच्या चुकीने पडला की त्यास दुसऱ्याने पाडले, हे त्यास क्षणार्धात ठरवावे लागते आणि कित्येकदा त्यावर विश्वविजेतेपद अवलंबून असते.

पहिले विश्वविजेतेपद : नियम व त्यांचे पालन यांतील अंतर 10 सप्टेंबर 1936 रोजी वेम्ब्ली येथे झालेल्या पहिल्या अंतिम सामन्यात ठळकपणे दिसले. त्या सायंकाळी ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने आपल्या पाचही शर्यती जिंकून 15 गुण मिळवले, तरीही तो विजेता ठरला नाही. प्राथमिक फेऱ्यांतील अधिक गुण अंतिम गुणांत मिळवण्याचा नियम होता. त्यामुळे विल्किन्सनचे 25, तर ऑस्ट्रेलियाचा लायनेल व्हॅन प्राग व इंग्लंडचा एरिक लँग्टन यांचे प्रत्येकी 26 गुण झाले. निर्णायक शर्यतीच्या आरंभी लँग्टनने फीत तोडली. नियमाप्रमाणे तो बाद होण्यास पात्र होता, परंतु अशा रीतीने मिळणारे विजेतेपद आपल्याला नको, अशी भूमिका व्हॅन प्रागने घेतल्याचे सांगतात. शर्यत पुन्हा झाली आणि अखेरच्या वळणावर व्हॅन प्रागने ती जिंकली. पुढे अधिक गुणांची पद्धत बंद झाली. विल्किन्सनने 1938 मध्ये विजेतेपद मिळवले.

नियमांचा हेतू नेहमीच न्याय्य होता असे नाही. फे टेलर व ईव्हा अ‍ॅस्क्विथ या स्त्रियांनी 1928–29 मध्ये पुरुषांच्या बरोबरीने शर्यती गाजवल्या होत्या, तरी 1930 मध्ये इंग्लंडमध्ये स्त्रियांना स्पर्धेतून बंदी करण्यात आली. नियामक मंडळाचा अधिकारही निर्विवाद नव्हता. 1964 मध्ये तेथील प्रांतीय साखळी स्पर्धेचे संयोजक मंडळाच्या परवान्यावाचून सामने भरवीत राहिले. लॉर्ड शॉक्रॉस यांच्या चौकशीनंतर तडजोड झाली व 1965 मध्ये एकत्रित ब्रिटिश साखळी स्पर्धा सुरू झाली.

जावा व चार झडपांचे युग : चेकोस्लोव्हाकियातील दिव्हिशोव येथे यारोस्लाव्ह सिमांडल यांनी शर्यतींच्या मोटारसायकलींसाठी एसो हा कारखाना काढला होता. तो पुढे जावा या उद्योगात विलीन झाला. त्याच्या एंजिनाचा व्यास 88 मिमी. व धाव 82 मिमी. होती. धाव आखूड असल्याने दट्ट्यास प्रत्येक फेऱ्यात कमी अंतर कापावे लागते, म्हणून एंजिनाचे मिनिटास अधिक फेरे सुरक्षितपणे होऊ शकतात. न्यूझीलंडचा विश्वविजेता बॅरी ब्रिग्ज याने ही यंत्रे इंग्लंडमध्ये आणली आणि 1960 ते 1970 या दशकाच्या उत्तरार्धात जॅप मागे पडले.

1975 च्या सुमारास इंग्लंडमधील राय येथील वेस्लेक कंपनीने चार झडपांचे एंजिन पुढे आणले. तिचे संस्थापक हॅरी वेस्लेक सिलिंडराच्या माथ्यातून वाहणाऱ्या वायूच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध होते. दोन मोठ्या झडपांऐवजी चार लहान झडपा ठेवल्यास वायूला अधिक वाट मिळते, प्रत्येक झडप हलकी राहते आणि ठिणगी देणारा प्लग माथ्याच्या मध्यभागी बसवता येतो. 1976 मध्ये पोलंडमधील खोझूव येथे पीटर कॉलिन्झ वेस्लेक एंजिनावर विश्वविजेता झाला. जावाने लवकरच स्वतःचे चार झडपांचे एंजिन काढले. 1983 मध्ये नॉर्डन (जर्मनी) येथे एगॉन म्यूलर इटलीतील जूझेप्पे मार्झोत्तो यांच्या जीएम एंजिनावर विजयी झाला आणि पुढील काळात याच एंजिनाचे प्राबल्य राहिले. 1990 नंतरच्या दशकात एंजिन उभे न ठेवता चौकटीत जवळजवळ आडवे बसवण्याची रीत रूढ झाली. डग्लसच्या काळातला खालचा गुरुत्वमध्य अशा रीतीने पुन्हा परतला.

या बदलांची किंमत मोठी होती. जॅपची दुरुस्ती स्वार स्वतः करी. नव्या एंजिनांसाठी विशेष कारागीर लागतात व काही शर्यतींनंतर त्यांचे भाग बदलावे लागतात. चांगला स्वार धनाअभावी मागे पडण्याचा धोका त्यातून निर्माण झाला. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाचे (एफआयएम) नियम अधिकाधिक यंत्राकडे वळले. एक सिलिंडर, चार-धावी आवर्तन, 500 घ. सेंमी. ची कमाल धारणा, एकच कार्ब्युरेटर व त्याच्या मुखाचा मर्यादित व्यास, मान्यताप्राप्त टायर आणि किमान वजन या अटी ठरल्या. सु. 70 अश्वशक्तीच्या व 80 किग्रॅ. हून कमी वजनाच्या यंत्रास मनगटाशी बांधलेली दोरीही अनिवार्य आहे. स्वार पडताच ती सुटते व ठिणगीचा प्रवाह खंडित होऊन एंजिन बंद पडते.

आवाजाचा प्रश्न : शहरांतील क्रीडांगणांभोवती वस्ती वाढली तशा आवाजाच्या तक्रारी वाढल्या आणि 1970 नंतरच्या दशकात सायलेन्सर सक्तीचे होऊ लागले. 2011 पासून महासंघाने अधिक आवाज रोखणारे नवे सायलेन्सर आपल्या स्पर्धांत अनिवार्य केले, तेव्हा तीव्र वाद झाला. निष्कास वायू अडल्यामुळे एंजिन तापते व शक्ती सलगपणे न मिळता झटक्याने मिळते, त्यामुळे पडण्याचा धोका वाढतो, असे अनेक स्वारांचे म्हणणे होते. आवाज आवरला नाही, तर मैदानेच बंद पडतील, ही नियमकर्त्यांची बाजू होती. ज्या खेळात वळणे शक्तीवर घेतली जातात, तेथे निष्कास नळीविषयीचा नियमही स्वाराच्या जिवाशी निगडित असतो. नियम करण्यापूर्वी यंत्राचे वर्तन धावमार्गावर पारखणे किती अगत्याचे आहे, हे या वादाने दाखवले.

भारतातील संदर्भ : भारतात स्पीडवेच्या संघांची नियमित साखळी स्पर्धा उभी राहिलेली नाही. मात्र जावा हे नाव महाराष्ट्रातील रस्त्यांवर सुपरिचित आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 पासून या मोटारसायकली आणि पुढे ‘येझदी’ या नावाने त्यांचीच परंपरा 1996 पर्यंत चालू ठेवली. त्यांची एंजिने दोन-धावी व पेट्रोलवर चालणारी असल्याने स्पीडवेच्या चार-धावी, मिथेनॉलावरील जावाशी त्यांचे साम्य नावापुरतेच होते. पुणे व नासिक येथे मातीच्या मार्गावरील अडथळ्यांच्या मोटारसायकल शर्यती होत आल्या आहेत. अशा शर्यतींतही यंत्रतपासणी, वर्गवारी व पंचाचा अधिकार हे प्रश्न तेच असतात. स्पीडवेच्या शतकभराच्या अनुभवावरून असे दिसते, की नियमाने एक वाट बंद केली की कारागीर दुसरी शोधतो. या चढाओढीमुळे खेळ जिवंत राहतो. परंतु यंत्राच्या तपासणीत किंवा पंचाच्या निर्णयात ढिलाई झाली, तर तिची किंमत ब्रेक नसलेल्या मोटारसायकलीवर बसलेल्या स्वारास मोजावी लागते.