फलकावर नसलेले नाव

मूल होणे ही गोष्ट आपल्या समाजात केवळ शरीराची कधीच नव्हती. पुत्र नाही त्याला पिंड नाही आणि पिंड नाही त्याला गती नाही, असे धर्मशास्त्राने सांगून ठेवले आणि त्याचा सगळा भार बाईच्या कुशीवर टाकला. जिची कूस उजवली नाही तिला डोहाळजेवणाला बोलवायचे नाही, बारशाला पाळण्याला हात लावू द्यायचा नाही. या कलंकाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला येथे लिहायचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. मूल व्हावे म्हणून दवाखान्याच्या दारात आलेल्या बाईला आत कोण घेते, तिची रात्रंदिवस देखभाल कोण करते आणि पुढे त्या कामाच्या इतिहासात नाव कोणाचे लागते, हा माझा प्रश्न आहे. हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा व्यवहार आपल्याला नवा नाही. तो साता समुद्रापलीकडे, जेथे जात नाही असे आपण समजतो तेथेही, कसा घडला ते पाहण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात, मँचेस्टरजवळ, ओल्डहॅम नावाचे गाव आहे. एके काळी सूतगिरण्यांसाठी जगभर प्रसिद्ध होते. गिरणगावच म्हणा ना. या गावातील रुग्णालयात २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन ही मुलगी जन्मली. स्त्रीच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत फलन होऊन जन्मलेले हे जगातले पहिले मूल. आईवडील कोणी लॉर्ड-लेडी नव्हते. बाप रेल्वेत नोकरीला, आई लेस्ली साधी कष्टकरी बाई. बीजवाहिन्या बंद असल्यामुळे नऊ वर्षे वाट पाहून थकलेली. या यशाबरोबर दोन नावे जगभर गेली : शल्यचिकित्सक पॅट्रिक स्टेप्टो आणि शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स. तिसरे नाव होते जीन पर्डी. ते गेले नाही.

जीन पर्डी ही परिचारिका. १९४५ साली केंब्रिजला जन्मली, तेथेच नर्सिंग शिकली आणि १९६८ साली एडवर्ड्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली. पुढची दहा वर्षे ती केंब्रिज ते ओल्डहॅम अशा खेपा घालत राहिली. स्त्रीबीज ज्यात जगेल ते द्रावण तयार करणे, बिजांवर नजर ठेवणे, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे, हे काम तिचे. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार आणि चाराच्या आठ झालेल्या पाहिल्या त्या प्रथम तिच्याच डोळ्यांनी. तोच गर्भ पुढे लुईस ब्राऊन झाला. मधल्या काळात आईच्या आजारपणामुळे तिला काम सोडून घरी राहावे लागले तेव्हा ओल्डहॅमचे काम थांबले. मदतनीस नसल्याने शास्त्रज्ञाचे काम थांबते, यावरून ती मदतनीस कोणत्या दर्जाची होती हे कळते.

पण मला प्रयोगशाळेपेक्षा वॉर्डाविषयी अधिक सांगायचे आहे. कर्शॉज कॉटेज हॉस्पिटल नावाच्या एका लहानशा इमारतीत या बायकांना ठेवले जाई. त्या काळच्या पद्धतीत बीज नेमके कोणत्या घटकेला परिपक्व होईल हे ओळखण्यासाठी दर तीन तासांनी लघवी तपासावी लागे. दिवसा तर खरेच, पण मध्यरात्रीही आणि पहाटेही. म्हणजे कोणीतरी त्या बाईला उठवायचे, बाटली द्यायची, बाटली घ्यायची, त्यावर वेळ लिहायची. वेळ चुकली तर महिना वाया. शस्त्रक्रिया दिवसाच्या ठरल्या वेळी होत नसे. बीज म्हणेल तेव्हा. त्यासाठी शस्त्रक्रियागृहाची प्रमुख सिस्टर म्युरियल हॅरिस आणि तिच्या हाताखालच्या परिचारिका आपली नेहमीची पाळी संपवून या कामाला उभ्या राहत. सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ साली या कामाला पैसा नाकारला होता. ते जे चालले त्यात या बायकांच्या जागरणाचा वाटा मोठा होता.

१९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रिया या प्रयोगातून गेल्या. मुले जन्मली दोन. या आकड्यापाशी मी थांबते. २८० बायका रिकाम्या हातांनी घरी गेल्या. त्यांना काय सांगायचे, कसे सांगायचे, पुन्हा यायचे की नाही हे विचारायला आलेल्या बाईला काय उत्तर द्यायचे, हे सारे वॉर्डातच घडले असणार, आणि वॉर्ड परिचारिकांचा असतो. याचा अर्थ सर्वच निर्मळ होते असा नाही. लेस्ली ब्राऊनची समजूत अशी होती की या पद्धतीने पूर्वीच शेकडो मुले झाली आहेत. आपल्या आधी एकही जन्मलेले नाही हे तिला ठाऊक नव्हते. गरजवंत बाईला न सांगता, किंवा अर्धवट सांगून, तिच्या शरीरावर प्रयोग करणे हा प्रकार आपण चांगला ओळखतो. सेवा मनापासून असली तरी माहिती दडून राहू शकते, हे नोंदवलेच पाहिजे.

१९८०च्या दशकाच्या आरंभी ओल्डहॅमच्या आरोग्य प्राधिकरणाने स्मृतिफलक बसवायचे ठरवले. एडवर्ड्सने पत्र लिहून कळवले की पर्डीचे योगदान माझ्याइतकेच आहे, तिचे नाव घाला. नाव घातले नाही. ही पत्रे २०१९ साली लोकांसमोर आली. जीन पर्डी १९८५ साली, वयाच्या ३९व्या वर्षी कर्करोगाने वारली. एडवर्ड्सला नोबेल मिळाले २०१० साली, तोवर स्टेप्टोही राहिला नव्हता. तिघांची नावे असलेला फलक कर्शॉजवर लागला तो २०१५ साली, आणि पर्डी व सिस्टर हॅरिस या दोघींचा फलक रॉयल ओल्डहॅम रुग्णालयात लागला २०२२ साली. चव्वेचाळीस वर्षे लागली. गोऱ्या समाजातील गोऱ्या स्त्रीला चव्वेचाळीस वर्षे!

हे वाचताना मला माझी आजी आठवल्यावाचून राहत नाही. मराठवाड्यातील आमच्या गावात ती सुईण होती. महाराष्ट्रात पुष्कळ गावी मांग समाजातील बायकाच हे काम करीत. विटाळाचे काम म्हणून ते त्यांच्याकडे आलेले. पाटलाच्या वाड्यात बाई अडली की मध्यरात्री मांगवाड्यात माणूस येई. त्या वेळी आजीचा हात चाले; पोटावरही चाले आणि पोटातही चाले. नाळ तीच कापी, वार तीच पुरी. पाचवीची पूजा झाली की तिला पसाभर जोंधळे नि एक खण मिळे, तोही उंबऱ्याबाहेर. बारशाच्या दिवशी तिला पाळण्याजवळ जाता येत नसे. जे मूल तिने प्रथम हातात धरले त्याला शिवायची तिला बंदी होती. जन्म ही गोष्ट अपवित्र होती तोवर ती आमच्याकडे होती. ती शास्त्र झाली आणि फलकावर चढली. ओल्डहॅमची नर्स आणि आमची सुईण एकच असे मी म्हणत नाही. पर्डीला कोणी अस्पृश्य मानले नाही. पण ज्या कामात शरीराचा ओलावा हाताला लागतो ते काम खालचे, हा समज दोन्हीकडचा आहे, आणि त्या समजातूनच नावे गळतात.

आता भारताकडे येऊ. लुईसच्या जन्मानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने मुलगी जन्मली. सरकारने चौकशी समिती नेमली, तिच्या प्रमुखपदी रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक बसवले, आणि समितीने त्यांना खोटे ठरवले. परदेशी परिषदेला जाऊ दिले नाही, बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. सवर्ण पुरुष डॉक्टरालाही प्रस्थापित व्यवस्था कशी चिरडते याचे हे उदाहरण सर्वांना ठाऊक असते. त्यांच्याबरोबर राबलेले सुनीत मुखर्जी आणि सरोजकांती भट्टाचार्य ही नावे मात्र फारशी कोणी घेत नाही.

मग ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हर्षा चावडाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे हे काम. याच आनंदकुमारांनी पुढे मुखोपाध्यायांची टिपणे तपासली आणि १९९७ साली जाहीर लिहिले की भारतातील पहिला मान माझा नव्हे, त्यांचा. आपल्या नावाचा दगड काढून दुसऱ्याचा बसवणारी माणसे विरळा. म्हणून हे आवर्जून सांगते.

के.ई.एम. हे महापालिकेचे रुग्णालय, आणि तेही परळला. ओल्डहॅमसारखेच गिरणगाव. १९८२ च्या संपाने ते नुकतेच मोडून पडले होते. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. नळीतील बाळाचे तंत्र मुळात निघाले ते बंद बीजवाहिन्यांसाठी, आणि आपल्या देशात बीजवाहिन्या बंद होण्याचे एक मोठे कारण क्षयरोग. क्षय कोठे वाढतो? दहा बाय दहाच्या खोलीत, उपाशी पोटात. अस्वच्छ बाळंतपण, अडाणी गर्भपात ही आणखी कारणे. म्हणजे या तंत्राची गरज सर्वांत अधिक झोपडपट्टीला, आणि पुढे ते गेले मात्र लाखाच्या हिशेबात बोलणाऱ्या खाजगी केंद्रांत. गरिबाच्या बाबतीत राज्याला आस्था राहिली ती उलट दिशेने : १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. आणि २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा हजारो जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मूल नको असेल तर गाडी दारात, मूल हवे असेल तर पैसे मोजा.

काही वर्षांपूर्वी नात्यातील एका जोडप्याबरोबर मी मुंबईतील एका खाजगी केंद्रात गेले होते. त्यांना दात्या स्त्रीचे बीज घ्यावे लागणार होते. टेबलामागच्या मुलीने उंची विचारली, रंग विचारला, आणि त्याच सुरात विचारले, ''कास्ट कोणती मॅच करायची?'' तिचा काही दोष होता असे मला वाटत नाही. लोक मागतात म्हणून ती विचारत होती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ याचा काथ्याकूट आहे. तो ग्रंथ आपण १९२७ साली महाडला जाळला, पण बीजाची जात पाहणे शीतपेटीपर्यंत पोहोचले. गुजरातेतील आणंदसारख्या ठिकाणी भाडोत्री मातृत्वाचा धंदा जोरात होता तेव्हा बीज निवडून घेतले जाई, नऊ महिने वाढवायला मात्र गरीब बाई चाले. क्षेत्र कोणाचेही, बीज आपले! २०२१ च्या कायद्याने तो धंदा बंद केला.

त्याच केंद्रात आणखी एक गोष्ट घडली. आमच्या मुलीला वाचता येत नव्हते. इंजेक्शने घरी घ्यायची होती, वेळा निरनिराळ्या, आणि शेवटचे तर रात्री ठरल्या मिनिटाला. डॉक्टरांनी छापील इंग्रजी कागद दिला आणि पुढचा रुग्ण बोलावला. बाहेर सिस्टरने तिला बाकावर बसवले, शाळेच्या वहीत सूर्य काढला, चंद्र काढला, घड्याळाचे काटे काढले, आणि मराठीत म्हणाली, ''बाई, हा चंद्र आला की मला फोन कर, मी जागी असते.'' तिने फोन केला आणि सिस्टर खरोखरच जागी होती. दर तीन तासांनी उठणाऱ्या ओल्डहॅमच्या परिचारिकांविषयी मी पुढे वाचले तेव्हा मला ही वही आठवली. रुग्ण कोणत्या जातीचा, शिकलेला की अडाणी, हिजाब घातलेला की लुगड्याचा, याचा हिशेब न करता त्याच्या आयुष्यात उपचार बसवून देणे, हे काम असे होते.

दारात कोणाला घ्यायचे हे मात्र सिस्टरच्या हाती नसते. ते कायदा ठरवतो. ब्रिटनने १९९० साली कायदा केला तेव्हा जन्मणाऱ्या मुलाला बापाची गरज आहे याचा विचार करा, असे केंद्रांना बजावले होते. एकट्या स्त्रिया आणि स्त्री-स्त्री जोडपी या वाक्यावर अडत. २००८ साली बापाचा उल्लेख काढून आधार देणारे पालकत्व असा शब्द आला. त्याच १९९० च्या कायद्याने उपचारापूर्वी समुपदेशनाची संधी देणे केंद्रांवर बंधनकारक केले होते. वॉर्डात न सांगता चालणाऱ्या कामाला कागदावर जागा मिळाली. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने विवाहित जोडप्याला आणि एकट्या स्त्रीला या उपचाराची मुभा दिली. समलिंगी जोडपे जोडपे म्हणून त्यात बसत नाही, एकटा पुरुषही नाही. समुपदेशक नेमण्याचे बंधन आपल्या कायद्यातही आहे. दात्याच्या बीजाची जात विचारणाऱ्या त्या टेबलाविषयी समुपदेशकाने काय बोलावे, हे कोणी ठरवलेले नाही.

येथे मला फुले दांपत्याचा उल्लेख केलाच पाहिजे. त्यांना मूल नव्हते. दुसरे लग्न करण्याचा सल्ला जोतीरावांनी झिडकारला. १८६३ साली त्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या जातीच्या धाकाने त्यांना बापाचे घर सोडावे लागले होते तिच्याच विधवांसाठी. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. तेथेच बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. त्या घरातील उशापायथ्याचे काम सावित्रीबाईंनी केले. बीज कोणाचे हे त्यांनी विचारले नाही, क्षेत्र कोणाचे हेही नाही.

सरकारी रुग्णालयात हा उपचार मोफत देण्याची सुरुवात आता कोठे झाली आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली ती झाली. तेथे रांगेत कष्टकऱ्यांच्या, मासेविक्या, खाणीत राबलेल्या घरांच्या बायका येणार. त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या किती सिस्टर नेमल्या, त्या कायम की कंत्राटी, रात्रीच्या फोनची पाळी कोणाची आणि तिचा मोबदला काय, या नोंदी आजपासूनच ठेवल्या पाहिजेत.