मूळचे कुठले?

पुण्या-मुंबईत मी कर्जतचा म्हटलं, की लोकांना लोकलचं कर्जत आठवतं. आमचं कर्जत नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, अवर्षणाच्या पट्ट्यात. मोठा दवाखाना, नोकरी, सगळ्यासाठी नगर नाहीतर पुणे गाठायचं. तिथे माझं नाव ऐकलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: 'मूळचे कुठले?'

मूळचा इथलाच. आमच्या शेजारच्या श्रीगोंदा तालुक्यात 17व्या शतकात शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, तोही मराठीत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरू मानत, असं परंपरा सांगते. श्रीगोंद्यात त्यांच्या समाधीपुढे हिंदू-मुसलमान दोघेही डोकं टेकवत आले.

ज्या मुलखात मुसलमानाने तेव्हा मराठीत ग्रंथ लिहिला, तिथल्या माणसाला मूळ विचारायचं तर खुशाल विचारा. उत्तर मराठीतच मिळेल.