नटी ते निर्माती

मराठी रंगभूमीचा उगम सांगलीस झाला, हे वाचकांस विदित आहेच. श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी इ. स. १८४३ मध्ये तेथे 'सीतास्वयंवर' सादर केले. परंतु त्यातील सीतेची भूमिका पुरुषाकडेच होती. साठ वर्षांनंतरही तीच रीत चालू होती. १९०५ साली बालगंधर्व शकुंतलेच्या वेषात मिरजेस रंगभूमीवर आले आणि रसिक मोहून गेले. स्त्रीचे सुखदुःख पुरुषाने रंगवावे आणि कुलीन स्त्रीने त्या वाटेस जाऊ नये, असा तो काळ होता.

योगायोग असा की, त्याच वर्षी त्याच मिरजेत हिराबाई बडोदेकर यांचा जन्म झाला. गायनात कीर्ती मिळविल्यावर त्यांनी भावंडांसह 'नूतन संगीत विद्यालया'ची नाटकमंडळी उभारली. त्या स्वतः नायिका होत्या आणि मंडळीच्या चालकही होत्या. पुढे मंडळी तोट्यात गेली, तेव्हा मैफली करून त्यांनी कर्ज फेडले. नटीचे काम पडदा पडताच संपते. चालकाचा हिशेब तेथून सुरू होतो.

दूरचित्रवाणी आली तेव्हा हा वारसा तिकडे वळला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या चित्रपटातील तारामती, म्हणजेच दुर्गाबाई खोटे, यांच्या निर्मितिसंस्थेची 'वागले की दुनिया' ही मालिका १९८८ साली घरोघर पोहोचली.

साताऱ्याच्या श्वेता शिंदे याही प्रथम अभिनेत्री म्हणूनच परिचित झाल्या. निर्मात्या या नात्याने २०१७ साली त्यांनी 'लागिरं झालं जी' ही मालिका आणली. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाची ती कथा तेजपाल वाघ यांनी लिहिली. तिचे चित्रीकरण सातारा परिसरात झाले आणि या मुलखाची बोली महाराष्ट्रभर ऐकू गेली. २०२० मध्ये त्यांच्या संस्थेची 'देवमाणूस' ही मालिका आली. त्याच वर्षी 'डॉक्टर डॉन' मालिकेत त्यांनी अभिनयही केला.

त्याच वर्षी अभिनेत्री अलका कुबल यांनी मांढरदेवच्या काळूबाईवरील मालिकेची निर्मिती हाती घेतली. साताऱ्यास चित्रीकरण चालू असता कोरोनाची साथ आड आली आणि ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे २२ सप्टेंबर रोजी साताऱ्यातच निधन झाले. अशा प्रसंगी निर्मातीच्या शिरावर केवळ पैशाचा भार नसतो. माणसांच्या जिवाची काळजीही तिलाच वाहावी लागते.

कोणती कथा सांगावयाची, ती कोणत्या भाषेत सांगावयाची आणि कोणास काम द्यावयाचे, हे ज्याच्या हाती थैली असते तोच ठरवितो. तो अधिकार स्त्रीच्या हाती येण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. म्हणून आपल्या घरची मुलगी नाटकात चमकली, तर तिचे कौतुक अवश्य करावे. परंतु तेवढ्यावर न थांबता तिच्या हाती लेखणी द्यावी आणि जमाखर्चाची वहीही द्यावी.