अनुभवाची अट आणि आमचा छापखाना

चंद्रपूर-गडचिरोलीतली आमची मुले छापखान्यात काम मागायला जातात, तेव्हा पहिला प्रश्न येतो, "अनुभव आहे का?" ज्याला कोणी आत घेतलेच नाही, त्याने अनुभव आणायचा कुठून? आणि ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्याकडेच हा दाखला मागायचा, याला काय म्हणावे?

मराठी छपाईची सुरुवात तरी अनुभवी घराण्यातून कुठे झाली? भंडारी समाजातले गणपत कृष्णाजी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यातले काम पाहून शिकले. त्यांनी लाकडी यंत्र बनवले, शाई स्वतः तयार केली आणि १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळेकरी छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली. विटाळाने कागदालाही सोडले नव्हते.

विदर्भात हेच धाडस किसन फागोजी बनसोडे यांनी केले. नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्याचा हा माणूस कामगार चळवळीतला. आपले म्हणणे छापायला दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. 'निराश्रित हिंद नागरिक' (१९१०), 'विटाळ विध्वंसक' (१९१३), 'मजूर पत्रिका' (१९१८) आणि 'चोखामेळा' (१९३१) ही पत्रे त्यांनी चालवली.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली, तरीही १९२३ मध्ये पत्र बंद पडले. बाबासाहेब थांबले नाहीत. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आले, १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. भारतभूषण प्रेस उभी राहिली, तीच पुढे बुद्धभूषण झाली. यातून दोन गोष्टी आम्ही शिकतो. काम करत करतच हात तयार होतो. आणि लेखणीइतकाच हिशेबही यावा लागतो. वर्गणी थकली की सर्वात धारदार पत्रही बंद पडते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. इथल्या जंगलातल्या बांबूवर बल्लारपूरची पेपर मिल उभी राहिली. बांबू तोडणारे हात आमचे, पण त्या कागदावर छापणारे हात आमचे किती?

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवसासाठी आणि १४ एप्रिलसाठी दरवर्षी पत्रके, फलक, पुस्तिका छापल्या जातात. हा पैसा समाजाचा आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. काम देताना प्रत्येक मंडळाने छापखान्याला अट घालावी की वस्तीतला एक नवखा मुलगा किंवा मुलगी शिकायला घ्या आणि त्याचा मोबदला द्या. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदासुद्धा शिकणाऱ्याला विद्यावेतनाचा हक्क देतो.

तरुणांनीही लाजू नये. कागद कापण्यापासून, मुद्रिते तपासण्यापासून सुरुवात करा. मशीन, संगणक, बांधणी शिका, कागदाचा भाव आणि बिलाचा हिशेबही शिका. कुणी अनुभव विचारला तर सांगा, गणपत कृष्णाजींनाही कुणी दाखला दिला नव्हता.

जय भीम!