ऐरणीपासून मोटारीच्या पत्र्यापर्यंत

गावगाड्यातील बारा बलुतेदारांत आपल्या लोहार ज्ञातीचे काम असे होते की, त्यावाचून नांगरही चालत नसे व गाडीही चालत नसे. परंतु ज्या गाडीवर आपले पोट होते, ती गाडीच पालटत गेली. शिरूर व दौंड या तालुक्यांत आपण त्या पालटास कसे तोंड दिले, हे ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या बालपणी घोडनदीकाठी वडिलांच्या भात्यापुढे बैलगाडीची चाके येत. लोखंडी धाव जाळात लाल करून लाकडी चाकावर चढवावयाची व लगेच पाणी ओतावयाचे. थंड होताना धाव आकसे आणि आरे, तुंबा ही सर्व मंडळी घट्ट आवळली जात. पुढे रबरी टायरची गाडी आली आणि हे काम उणावले.

दौंडकडे पालट आधीच सुरू झाला होता. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोचला व १८७८ साली दौंड–मनमाड फाटा झाल्यावर दौंड जंक्शन बनले. शिरुरास मात्र रस्त्यानेच तारले. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ते पुणे धावली, ती शिरूरच्याच मार्गाने. त्या बसची बांधणी लाकडी होती! मालमोटारी वाढल्या, तसे अपघातही वाढले. तेव्हा आपल्यातील काही घरांनी ऐरण रस्त्याच्या कडेस नेली. चेपलेला पत्रा गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकावा, लांबी भरावी, घासावे व रंग द्यावा, हा नवा धंदा जुन्याच हातांनी उभा केला.

१९८३ साली मारुती मोटार आली व हलक्या मोटारी घरोघर दिसू लागल्या. ट्रकला सांगाडा वेगळा व केबिन वेगळी असते. या मोटारींत पत्र्याचे कवच हाच सांगाडा. त्यातील काही भाग टक्कर झाल्यास स्वतः चुरगळून आतील माणसास वाचवितात, तर काही अतिबळकट पोलादाचे असतात. असे पोलाद ज्योतीने तापविले की त्याचे बळ जाते. वरून काम गुळगुळीत दिसते, पण पुढच्या टकरीत ते दगा देते. जो अग्नी आपले भांडवल होता, तोच येथे वैरी ठरतो.

आमच्या एका पुतण्याने अशीच एक मोटार जुन्या पद्धतीने सरळ केली. विम्याच्या तपासनिसाने काम नापसंत केले व खर्च अंगावर पडला. त्या वेळी आम्ही रागावलो. परंतु विचारांती मानावे लागले की, तपासनिसाचे खरे होते. त्यातील दोष आमचाही आहे. शाळेत असता हुशार मुलाने हातोडी सोडून लेखणी धरावी, असेच आम्ही सांगत आलो. त्यामुळे विद्या एकीकडे गेली व कसब दुसरीकडे राहिले.

आता विजेवरील मोटारी आल्या आहेत; त्यांच्या उच्च दाबाच्या बॅटरीचा प्रवाह तोडल्यावाचून जोडकाम करणे प्राणावर बेतू शकते. काही मोटारींत काचेमागे कॅमेरे असतात, ते दुरुस्तीनंतर नीट जुळवावे लागतात. म्हणून आमची विनंती अशी : घरातील एका तरी मुलाने वा मुलीने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हे शिक्षण घ्यावे. सांगाडा मोजण्याची महाग यंत्रे एकट्यास न परवडल्यास चार दुकानांनी मिळून घ्यावीत. कोणता भाग बदलला, कोणता ठोकला, याची छायाचित्रांसह नोंद ठेवावी. ट्रॅक्टर, ट्रॉली व मालमोटारींचे काम सोडू नये; ते या दोन्ही तालुक्यांत अजून भरपूर आहे. आणि जे आपल्यास येत नाही, ते काम नाकारण्यास लाजू नये, कारण त्या मोटारीत कोणाची तरी लेकरे बसणार असतात.

धाव चढविणारे आपले वडील अशिक्षित होते, पण लोखंड किती तापवावे हे त्यांस ठाऊक होते. तेच ज्ञान आता आपण नव्याने शिकावयाचे आहे.